दादांचा कोट विकायचा नाय

आमच्या गल्लीतल्या मूर्खांची यादी काढली तर सध्या माझं नाव पहिल्या तिनात येईल. कारण साधं आहे. आमच्या घरात एक जुना, तेलकट, कोपरावर ठिगळ लावलेला निळा कोट आहे. त्या कोटाला पुण्याचा एक माणूस माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त पैसे द्यायला तयार होता, आणि मी नाही म्हणालो. मेव्हण्यानं जालन्याहून फोन करून विचारलं, "दाजी, कोट सोन्याचा हाय का?" मी म्हणालो, "सोन्याचा असता तर कवाच विकला असता." त्यावर तो जे हसला ते माझ्या अकलेला हसला. बावन्न वर्षांचा झाल्यावर तेवढं कळायला लागतं.

हसू द्या. काय झालं ते मी सांगतो, मग ज्याला हसायचं त्यानं पुन्हा हसावं.

कोट म्हणजे लग्नातला नव्हे. लग्नातले कोट आमच्या प्रत्येक नातेवाइकाच्या कपाटात आहेत, डांबराच्या गोळ्यांसकट, एकदाच घातलेले. हा कामाचा कोट. दादा, म्हणजे माझे वडील, इथल्या कापड गिरणीत फिटर होते. माग दुरुस्त करायचे. गिरणीनं आपल्याच मागावर विणलेल्या जाड निळ्या कापडाचे कोट फिटर लोकांना शिवून दिले होते. गळ्यापर्यंत बंद, पितळी बटणं, कॉलरच्या आत बिल्ला नंबर. मी शाळेत असतानाच गिरणी बंद झाली. दादा मग चिकलठाण्याला एका कंपनीत लागले. त्या कंपनीनं करडा युनिफॉर्म दिला, तो त्यांनी निवृत्तीच्या दिवशी धुऊन, घडी करून परत केला. गिरणीचा कोट परत मागायला मात्र गिरणीच उरली नव्हती.

आता दादांचं वय अठ्ठ्याहत्तर. सिडकोतल्या आमच्या चार गल्ल्यांमधले कूलर, पाण्याच्या मोटारी, मिक्सर त्यांच्या हातात. आणि त्यांचा एक नियम आहे, जो मी जन्मल्यापासून पाहतोय. कोट अंगात घालून गळ्याशी बटण लावल्याशिवाय ते पेचकसाला हात लावत नाहीत. उन्हाळा असो, घामाच्या धारा असोत, काम बल्ब बदलण्याचं असो. गिरणीत सैल सदरा घालून मशीनपाशी गेलं की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, परत पाठवायचा, कारण मशीनच्या पट्ट्यात सदरा अडकला तर सदऱ्यामागं माणूसही जायचा. दादा म्हणतात, "सैल कपडा मशीनला लई आवडतो." त्यामुळं कोट नाही तर काम नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या खोलीतला पंखा बंद पडला, तेव्हाही ते आधी खुंटीकडं गेले, कोट घातला, मग पंख्याकडं आले. आई त्याही स्थितीत मला म्हणाली होती, "बघ, नवरदेव निघाले."

गेल्या थंडीत दादा मागच्या गल्लीत एका गच्चीवर स्टुलावरून पडले. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. प्लास्टर काढताना डॉक्टर म्हणाले, आता काम बंद, आराम करा. दादांनी मान हलवली. ती मान होकाराची आहे असं डॉक्टरांना वाटलं. मला वाटलं नाही. होळी झाली, ऊन तापलं, लोकांनी कूलर खाली काढले, आणि एका सकाळी दादांनी खुंटीवरून कोट काढला.

मी म्हणालो, "दादा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"त्याच्या दवाखान्यात चार कूलर हायेत. बघतो त्यो कुणाला बोलवतो ते."

बहिणीनं सांगून पाहिलं, बायकोनं रागावून पाहिलं, मी न जेवण्याची धमकी दिली आणि दुपारी जेवलो. सांगून ऐकणारा माणूस असता तर माझा बाप कशाला झाला असता. पण रोज ते निघाले की दिवसभर माझं लक्ष फोनकडं. कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क आहे. विद्यार्थ्यांच्या दाखल्यावर मी एकदा जन्मतारखेच्या जागी दादांचा मोबाइल नंबर लिहिला, एवढं सांगितलं तरी पुरे.

अशात पुण्याहून मुलीचा फोन आला. ती तिथं शिकते, दादांना आबा म्हणते. खंडेनवमीला घरी आली होती तेव्हा तिनं एक फोटो काढला होता. दादा त्या दिवशी हत्यारांची पेटी उघडी ठेवून पूजा करतात, पान्हे, पेचकस ओळीनं मांडतात आणि पेटीच्या झाकणावर कोट पसरतात. कॉलरजवळ हळदी-कुंकवाचं बोट लावतात, वर झेंडूचं फूल. तो फोटो तिनं इंटरनेटवर टाकला होता.

"पप्पा, एक जण आबांचा कोट मागायलाय."

"कामून? त्याला कपडे नाहीत का?"

"पप्पा, तो जमवतो. जुने कामगारांचे कपडे. जपानात वगैरे लोक लई पैसे देऊन घेतात." आणि तिनं आकडा सांगितला.

मला वाटलं, पोरीनं एक शून्य जास्त सांगितलं. पुन्हा विचारलं. तेच. मी म्हणालो, "आबांना सांगू नको." आणि तिनं "का?" विचारायच्या आत फोन ठेवला.

पैशाची हाव सुटली नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. अर्धा तास सुटली होती. पण त्यानंतर जे डोक्यात आलं ते हावेपेक्षा वाईट होतं. कोट नाही तर काम नाही. म्हणजे कोट घरातून गेला की दादा आपोआप घरात बसतील. भांडण नाही, रडारड नाही, डॉक्टर नाही. पन्नास वर्षं ज्या नियमानं त्यांना वाचवलं, त्याच नियमात मी त्यांना अडकवणार होतो, आणि वर ते त्यांच्या भल्यासाठी. त्या रात्री मला फार छान झोप लागली. एवढा हुशार मी याआधी कधीच नव्हतो.

मुलीकडून नंबर घेऊन त्या माणसाला मी रविवारी बोलावलं. बुधवारी दादा आंघोळीला गेले तेव्हा कोट खुंटीवरून काढून बायकोच्या हातात दिला. दादा बाहेर आले, खुंटीकडं बघितलं.

"कोट?"

"धुवायला टाकलाय."

"त्यो मी धुतो. सोड्यात. माझ्या हातानं."

"एकदा मशीनमध्ये, दादा. लई तेल झालं होतं."

दादांनी पेटीकडं बघितलं, पेटी पायानं पलंगाखाली सरकवली आणि ओट्यावर जाऊन बसले.

आता आमची चूक. आमच्या घरात कुणी काही बघायला येणार म्हटलं की ते आधी दाखवण्याजोगं करायचं, हा रिवाज आहे. मुलगी असो, प्लॉट असो, जुना फ्रिज असो. बायकोला मी फक्त एवढं सांगितलं होतं की पुण्याचा माणूस कोट विकत घ्यायला येतोय. तिनं कोट दोन रात्री भिजत घातला. ब्रशनं घासला. निळीत बुडवला. खळ घातली. कडक इस्त्री केली. बटणांत दोनच मूळची पितळी उरली होती. बाकी दादांनी वेगवेगळी जमवून लावलेली, एक खाकी पँटचं, एक लाकडी, आणि दोऱ्याऐवजी मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार. बायकोनं ती सगळी काढली आणि औरंगपुऱ्यातून पांढऱ्या बटणांचं नवं पाकीट आणून एकसारखी लावली. शनिवारी तिनं कोट माझ्यासमोर धरला. बँडवाल्याचा वाटत होता. मी तिला शाबासकी दिली. हेही नोंदवून ठेवतो.

इकडं दादा. पहिल्या दिवशी दोन माणसं बोलवायला आली. "कोट नाय," दादा म्हणाले. माणसं गेली. दुसऱ्या दिवशी एक बाई नातवाला घेऊन आली, कूलर बंद आहे, पोर रात्रभर रडतंय म्हणाली. दादांनी पोराला बिस्कीट दिलं. "कोट नाय, माय." माझी युक्ती लागू पडली होती. मग मला बरं का वाटत नव्हतं, ते कळेना. तिसऱ्या दिवशी ते दाढी न करता बसले. जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले आणि बायकोला विचारलं, "आज वार कोणता?" दादांनी वार विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांचे वार कूलरवर ठरलेले असतात. मी ते ऐकलं आणि भाजीत मीठ कमी आहे असं म्हणालो.

रविवारी सकाळी आमचाच कूलर बंद पडला.

वैशाखातलं ऊन, वर पत्रे. कूलर नुसता घोंघावत होता, पाणी चढत नव्हतं, गरम हवा तोंडावर. दादा त्याच्यासमोर खुर्चीत बसलेले, हात मांडीवर.

बायको म्हणाली, "मामा, बघता का जरा?"

"कोट नाय."

मी म्हणालो, "दादा, घरचाच आहे."

"घरचा करंट लागत नसतो व्हय?"

मग मी पेटी ओढली. बावन्न वर्षं फिटरच्या हाताखाली नाही तर निदान त्याच्या घरात काढली होती. कूलरमध्ये हात घालायच्या आधी बटण बंद करायचं असतं हे मला माहीत होतं. कोणतं, ते माहीत नव्हतं. मी जो मागं फेकला गेलो तो थेट दिवाणावर. दादा खुर्चीतून उठलेही नाहीत. फक्त म्हणाले, "उजवीकडचं." आणि बऱ्याच वेळानं, "लागलं का?"

तेवढ्यात दारात तो माणूस उभा. पस्तिशीचा असेल. अंगात फिकं, कडा विरलेलं, खांद्यावर फाटलेलं निळं जॅकेट. बायकोनं मला आत बोलावून हळूच म्हटलं, "अहो, ह्याच्याच अंगावर धड नाही, हा काय घेणार? आधी पाणी द्या बिचाऱ्याला." नंतर मुलीनं सांगितलं की ते जॅकेट आमच्या फ्रिजपेक्षा महाग होतं.

दादांनी त्याला खालून वर बघितलं. "कुठं कामाला?"

"काका, मी जुने कपडे जमवतो."

"खांद्याला कुठं फाटलं हे?"

"घेतलं तेव्हाच फाटलेलं होतं."

"म्हंजे फाडायचं काम दुसऱ्यानंच केलं," दादा म्हणाले आणि पुन्हा कूलरकडं तोंड करून बसले.

मी त्याला आतल्या खोलीत नेलं आणि कोट पलंगावर ठेवला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. लग्न ठरवायला आलेल्या माणसाला मुलीचं आधीच लग्न झाल्याचं कळावं तसा. त्यानं खळीनं ताठ झालेली बाही उचलली आणि हळूच खाली ठेवली.

"फोटोत इथं कॉलरजवळ पिवळा-लाल डाग होता."

"हळदी-कुंकवाचा," बायको दारातून म्हणाली, "दोन दिवस घासला तेव्हा गेला." तिच्या आवाजात अभिमान होता.

त्यानं डोळे मिटले. मग विचारलं, "जुनी बटणं टाकली का?"

बायकोनं ती आवळा-सुपारीच्या डबीत ठेवली होती. त्यानं डबी दोन्ही हातांत घेतली. "वहिनी, हे ठिगळ नाही काढलं?"

"ते आत्याबाईंच्या हातचं आहे," ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे माझी आई. "त्यांच्या इरकली लुगड्याचं. ते कसं काढीन?"

मग तो पलंगाच्या कडेला बसला आणि कुंडली वाचावी तसा कोट बघत गेला. मी खरं तर हसायच्या तयारीत होतो. तो म्हणाला, "काका डावखुरे आहेत ना?" मी म्हणालो, हो, तुम्हाला कसं कळलं. डाव्या बाहीची घडी खोल आहे, म्हणाला, आणि डाव्या मनगटाशी कापड जास्त झिजलंय. छातीच्या खिशावर लांबट फिका चौकोन, तिथं रोज स्टीलची मोजपट्टी असायची. एवढी धुलाई होऊनही ते गेलं नव्हतं. पोटावर एक आडवी पांढरट रेघ होती. त्यावर त्यानं बोट ठेवलं. "ही कशाची ते मात्र कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. बावन्न वर्षं मी तो कोट बघतोय आणि पोटावर रेघ आहे हेच मला त्या दिवशी दिसलं.

"मागाच्या पुढं आडवा दांडा असतो," दादा दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. "त्याच्यावर पोट टेकून आत हात घालावा लागायचा. दिवसातून शंभर येळा." ते पुढं आले, कोटाकडं बघितलं, पांढऱ्या बटणांकडं बघितलं. बायको मागं सरकली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. "धुतलाय चांगला," दादा म्हणाले. "कितीला?"

तो माणूस खोटं बोलू शकला असता. बोलला नाही. आकडा सांगितला, आणि धुतल्यानं तो किती उतरला तेही सांगितलं.

दादा खाली बसले. "एवढे कामून देतात लोक?"

मग त्यानं सांगितलं, आणि मी आयुष्यात ऐकलेल्या शहाण्या गोष्टींमध्ये ती धरतो. तो म्हणाला, काका, लग्नाचे कोट सगळे जपून ठेवतात, म्हणून ते कुणी विचारत नाही. कामाचा कोट कुणी जपत नाही. तो घालून घालून संपतो, उरलेल्याची गोधडी होते, फडकं होतं. म्हणून एखादा उरला तर तो एकटाच असतो. कंपन्या आता नवीन कापड दगडांनी घासून जुनं करतात, मुद्दाम फाडून विकतात, पण मशीनला माणसाचं कोपर कुठं वाकतं ते माहीत नसतं. ती घडी पाडायला कुणालातरी तीस-चाळीस वर्षं काम करावं लागतं. ज्यांच्याकडं पैसा आहे त्यांना तेवढं एक विकत मिळत नाही.

खरं होतं. दादांचे असे दोन कोट होते. दुसऱ्याचं आईनं न्हाणीसमोर पायपुसणं केलं होतं. दहावी ते बारावी मी त्यावर पाय पुसले. त्याची आज काय किंमत झाली असती, हे मी त्या माणसाला विचारलं नाही.

दादांनी थोडा विचार केला. "मग पैसे कोटाचे देता का माझ्या कोपराचे?"

तो हसला. "खरं सांगू काका? कोपराचेच."

"कोपर तर अजून चालायलंय."

 बाहेरच्या खोलीत कूलर गरम हवा मारत होता. दादांनी कोट उचलला. पांढरी बटणं एकेक करून पेचकसाच्या टोकानं तोडली, डबीतली त्यांनी परत मागितली, पितळी एक तारेनं गळ्याशी बसवलं, बाकीची खिशात टाकली. खळीमुळं कोट अंगात जाताना पापड मोडावा तसा वाजला. मग ते कूलरपाशी गेले. उजवीकडचं बटण बंद केलं. टाकीवर पोट टेकून डावा हात आत घातला.

आणि मागोमाग आलेला तो माणूस जागीच उभा राहिला. कोटाची प्रत्येक घडी बरोब्बर तिथंच मोडत होती. बाहीवरची खोल रेघ कोपरावर आली. पोटावरची पांढरी रेघ टाकीच्या कडेवर बसली. पलंगावर पडलेला तो कपडा एक वस्तू होती, इथं त्याचं काम चालू होतं. मी त्या माणसाच्या तोंडाकडं बघत होतो, आणि खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. बाप माझा, आणि बघता येत होतं त्याला.

"पंप खारानं जाम झालाय," दादा आतून म्हणाले. "बोअरचं पाणी. किती येळा सांगितलं, हप्त्याला टाकी धुवा." पाच मिनिटांत पाणी गवतावरून ठिबकायला लागलं आणि थंड हवा आली.

दादा फडक्यानं हात पुसत वळले. माझ्याकडं बघितलं. "तुला मला घरी बसवायचंय व्हय? मग सरळ म्हण. कोटाला कामून मधी घेतो?"

मी म्हणालो, "सरळ म्हणालो तर ऐकता का?"

"नाय."

"मग?"

"मग म्हणायचं आन् गप बसायचं. बाकीची पोरं तसंच करतेत."

बायको फस्सकन हसली. मीही हसलो असतो, पण दादांचे ते डोळे मला माहीत होते. ते माझ्यावर रागावलेले नव्हते. घाबरलेले होते. चार दिवस ओट्यावर बसून त्यांनी जे पाहिलं होतं ते मी जेवणाच्या ताटाआडून पाहिलं होतं आणि मीठ कमी आहे म्हणालो होतो.

तो माणूस मध्येच म्हणाला, "काका, मी आकडा वाढवतो. धुतला तरी. पण एक विनंती. आजपासून घालू नका. उन्हात वाळवू नका. प्रत्येक धुण्याला..."

"त्याला घेऊन तुम्ही काय करणार?"

"काचेत ठेवतील, काका. जपून."

"कामाला नाय घालणार?"

"नाही. कधीच नाही."

"मग तिथं त्याचं काय काम?" दादा म्हणाले. चिडून नाही. मोटारीत चुकीचा स्क्रू सापडल्यावर विचारतात तसं. "माझे हात चालतेत तवर त्यो माझा. चहा घ्या, लांबून आलात." आणि खिशातली बटणं चाचपत, मागच्या गल्लीतल्या त्या रडणाऱ्या पोराच्या घरी निघून गेले. पेटी घेऊन. डावा हात पेटीला, उजवं मनगट पोटाशी धरलेलं.

मी त्या माणसाला फाटकापर्यंत सोडायला गेलो. सभ्य माणूस. घाई नव्हती त्याला. तो म्हणाला, "सर, एक विचारू? वाईट वाटून घेऊ नका. मी आज अर्धे पैसे देऊन ठेवतो. काकांना त्रास नाही, काही नाही. त्यांच्या... त्यांच्यानंतर तुम्ही पहिला फोन मला करायचा. बस."

त्याचं काही चुकलं नव्हतं. व्यवहारच होता. आणि मी दोन क्षण विचार केला, हे लपवत नाही. दोन क्षणांत मला दादांशिवायची खुंटी दिसली, आणि त्या खुंटीवरच्या कोटाचे अर्धे पैसे माझ्या खात्यात आधीच जमा झालेले दिसले. म्हणजे मी रोज सकाळी बापाला कामाला निघताना बघणार आणि माझ्या मनात कुठंतरी उरलेल्या अर्ध्याचा विचार असणार.

मी म्हणालो, "आमच्यात नाही चालत. आमच्यात माणूस गेला की त्याचा कामाचा कपडा त्याच्यासोबतच द्यावा लागतो. रिवाज आहे."

असा काही रिवाज आमच्यात नाही. देवगाव रंगारीपासून अजिंठ्यापर्यंत आमची भावकी पसरलीय, कुणाच्यातच नाही. तो मी फाटकापाशी उभ्या उभ्या काढला. पण काढल्यावर मला तो पटला, आणि आता कुणी विचारलं तर मी तोच सांगतो. बहिणीलाही सांगितला. ती म्हणाली, "असं कधीपासून?" मी म्हणालो, "माझ्यापासून."

तिला ते आवडलं नाही. या वयात बापाला कामाला लावता, लोक काय म्हणतील, म्हणाली. मी म्हणालो, लोकांचे कूलर दुरुस्त होतात, ते काही म्हणत नाहीत. पडले तर? म्हणाली. पडले तर पडतील, मी म्हणालो, आणि फोन ठेवल्या ठेवल्या दादांना फोन लावून कुठं आहात ते विचारलं. पण शब्द परत घेतले नाहीत. आता रविवारी आणि सुट्टीला मी त्यांच्याबरोबर जातो आणि स्टूल धरतो. एवढंच मला जमतं. दादांनी पहिल्या दिवशीच माझा सैल सदरा बघून मला जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं केलं. मी बायकोला सांगून तो सदरा कमरेत आटवून घेतला. त्यात मी कसा दिसतो याबद्दल तिचं एक मत आहे.

ज्याला कोट विकत घ्यायचा त्याला मी वेडा म्हणत नाही. आमच्या गल्लीत म्हणतात. मी म्हणतो, त्याला कळलंय, म्हणून तर तो एवढे पैसे देतो. पण जे अजून संपलेलं नाही ते विकायला काढण्याचा हक्क मला नाही, आणि संपायची वाट बघायची सवय मला लावून घ्यायची नाही. लोकांना हा मूर्खपणा वाटतो. वाटू द्या.

दिवाळीनंतर त्या माणसाचा फोन आला. सहज केला म्हणाला. दादांची तब्येत विचारली, वहिनींना नमस्कार सांगितला. मग राहवेना तेव्हा म्हणाला, "आणि कोट कुठं आहे, सर?"

मी ऑफिसच्या खिडकीतून बाहेर बघितलं. सकाळचे अकरा वाजले होते.

"कामावर गेलाय."

"कंडिशन कशी आहे?"

"रोज थोडी थोडी उतरायली," मी म्हणालो. "दोघांचीही."